तळ्यावरून जाऊ या

"मास्तर, तळ्यावरून जाऊ या. देखावा बघत."

गल्लीच्या तोंडाशी आलो की तात्या छत्रीचं टोक डावीकडे करत आणि हे एवढंच बोलत. उजवीकडे सरळ बाजाराचा रस्ता. त्या रस्त्यानं इस्माईलभाईंचं घर दहा मिनिटांवर, आणि तळ्यावरून गेलं तर अर्धा तास. पोटात कावळे ओरडत असायचे, तिकडे इस्माईलभाईंकडची नारळाच्या रसातली सांदणं निवत असायची, आणि आम्ही दोघं शेताच्या बांधावरून, चिखल चुकवत, देखावा बघत जेवायला निघालेले असायचो. सात वर्षं हे चाललं. मी एकदाही कुरकुर केली नाही. कुठल्या तोंडानं करणार? तात्यांना हा वळसा माझ्यामुळे पडला होता, आणि हे अख्ख्या महाडात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, दुसरी माझी बायको.

ते सांगतोच. पण आधी तात्या सांगायला हवेत, नाहीतर एवढ्याशा गोष्टीवरून सात वर्षं कोण रुसतं, असं कुणालाही वाटेल.

तात्या सरकारी मोजणीदार. महाड आणि पोलादपूरकडच्या डोंगरातल्या जमिनी त्यांनी साखळी टाकून मोजलेल्या. काळा कोट, काळी टोपी, पोटरीपर्यंत धोतर, आणि ऊन असो वा नसो, हातात छत्री. छत्री उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती दाखवायला, टोचून बघायला आणि कुत्री हाकलायला होती. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. गल्लीत आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटे राहत आणि हातानं भात शिजवून खात. डोंगर चढून गुडघे कामातून गेलेले, म्हणून रविवारी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन तास-तासभर पाय सोडून बसत.

चालताना ते पावलं मोजत. ओठ हलत असत, आवाज नसे. मध्येच कुणी हाक मारली तर एक बोट वर करत, म्हणजे थांबा. शंभर पुरे झाले की बोट खाली आणि मग "हं, बोला." एकदा आमचे हेडमास्तर रस्त्यात भेटले, तर त्यांनाही बोटानं थांबवून ठेवलं. हेडमास्तर बिचारे नमस्काराला जोडलेले हात तसेच धरून उभे. पुढे मीटर आले, तेव्हा तात्या महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. "माझं पाऊल अडीच फुटाचं आहे," म्हणायचे, "त्याला सरकारनं नवं माप दिलं म्हणून ते वाढणार आहे का?"

कुठलंही भांडण ऐकलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "हद्द कुठाय?" सासू-सुनेचं भांडण असो नाहीतर शाळेतल्या दोन शिक्षकांचं, हद्द कुठाय. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. पण एकदा त्यांच्याच गावी, पोलादपूरच्या वर, त्यांच्या सख्ख्या भावाची आणि शेजाऱ्याची हद्दीवरून जुंपली. दुसऱ्या मोजणीदाराला बोलवा, मी घरचा माणूस, असं तात्या म्हणाले; पण शेजारीच म्हणाला, "तात्याच मोजूदे." तात्यांनी साखळी टाकली. दुपारी उठले, आणि दगड पुढे सरकवला तो भावाच्या भातखाचरात, तीन हात आत. बांध कोरून कोरून भावानंच शेजाऱ्याची जमीन खाल्ली होती. भावजय रडली. तात्या त्या रात्री तिथेच जेवले, तिनं वाढलं तेवढं मुकाट्यानं खाल्लं आणि सकाळी महाडला आले. "वहिनीनं मीठ जास्त घातलं होतं," एवढंच मला सांगितलं.

आता मुद्द्याची गोष्ट. तात्या बोलावणं आल्याशिवाय जेवायला उठत नसत. त्या काळी आमच्याकडे रीतच होती. अक्षत देऊन आमंत्रण आठ दिवस आधी करायचं, आणि त्या दिवशी पानं मांडली की घरचं माणूस दारोदार जाऊन सांगून यायचं, "पानं मांडलीत, चला." ते पहिलं आमंत्रण म्हणजे नुसतं कळवणं, खरा मान या दुसऱ्या बोलावण्याचा. पण इतर लोक वास आला की हळूहळू सरकायला लागत. तात्या नाही. पुतण्याच्या मुलाच्या बारशाला ते गावी, स्वतःच्याच घरी, पडवीत कोट घालून बसून राहिले. आत अर्धी पंगत उठली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. "घरचं कार्य ना तात्या, यायचं की आत," असं मी नंतर म्हटलं. तर म्हणाले, "कार्य त्यांचं. मला काय माहीत त्यांची पानं कधी होतात?"

आणि अशा माणसाचं बोलावणं मी बुडवलं.

दाजी हे तात्यांचे जिवलग. बाजाराच्या रस्त्यावर त्यांची भाताची गिरणी आणि मागे शेत. आडदांड गडी, बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. संध्याकाळी तात्या गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसत. दाजी शंभर गोष्टी सांगत आणि तात्या एक बोलत, तरी दोघांचं छान चालायचं. दाजींच्या थोरल्या मुलीचं लग्न माघात निघालं, तेव्हा मांडवाचे खांब कुठे रोवायचे तेसुद्धा तात्यांनी पावलांनी मोजून दिले होते.

माझं लग्न होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कुसुम आणि मी दोघंही लग्नाला गेलो आणि मांडवात पोचल्यावर कळलं की आहेर घरीच राहिला. तो आणायला आम्ही निघालो, तेवढ्यात दाजींनी मला गाठलं. घामानं डबडबलेले, एका हातात तुपाचं भांडं.

"मास्तर, घराकडंच चाललाव ना? तेवढं तात्याला सांगा, पानं मांडलीत म्हनून. हाताशी दुसरा मानूस नाय. तुमी म्हंजे घरचेच."

"सांगतो," मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर तीन महिन्यांत आम्ही दोघं एकत्र असे चाललो नव्हतो. घरी आई, दोन बहिणी, आत्या. कुसुम मांडवाबाहेर आली आणि हळूच म्हणाली, "तळं कुठंय हो? सगळे तळं तळं म्हणतात, मी अजून बघितलं नाही." मला वाटलं, दहा मिनिटं इकडे की तिकडे. आम्ही तळ्यावरून वळलो. पलीकडचे डोंगर पाण्यात उतरले होते, बगळे होते, आणि काठापासून हातभर आत एक उशिरा फुललेलं कमळ होतं. मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, म्हटलं, काढून देतो. लग्नातला कोट घालून मी त्या कमळासाठी वाकलो आणि कमरेइतक्या चिखलात गेलो.

कुसुम आधी घाबरली आणि मग हसून हसून बांधावरच बसली. बाहेर यायला, पिळायला, धुवायला पाऊण तास गेला. मागच्या दारानं घरात शिरलो, कपडे बदलले, आहेर घेतला आणि तात्यांच्या दारासमोर आलो. दार लोटलेलं. मी मनाशी म्हटलं, गेले असतील. कडीला हात लावला असता तर कळलं असतं. पण उशीर झालेला, कानात अजून चिखल, आणि उशीर का झाला हे तात्यांना सांगायची लाज. मी हाक न मारता पुढे गेलो.

मांडवात पंगत बसली होती. माझ्या शेजारचं पान रिकामं होतं. दाजींनी विचारलं, "सांगितलंत ना तात्याला?"

आणि मी हो म्हटलं.

वाटलं होतं, येतीलच एवढ्यात. दाजींनी पंगत अर्धा तास खोळंबून ठेवली. वराकडचे लोक चुळबुळायला लागले. शेवटी "हरी हरी" झालं, भात आला, वरण आलं, जिलबी आली, आणि ते पान तसंच. मी ताटापेक्षा मांडवाच्या दाराकडेच बघत होतो. संध्याकाळी घरी आलो तर तात्यांच्या कौलांतून धूर निघत होता. ते भात शिजवत होते.

दुसऱ्या दिवशी बाजारात दाजी कुणाला तरी सांगत होते, "बोलवूनशान आला नाय. येवढा मोठा झाला." आणि तात्यांनी मला फक्त एवढं सांगितलं, "बोलावणं आलं नाही, मास्तर." दोघंही एकमेकांना विचारायला गेले नाहीत. विचारलं असतं तर एका वाक्यात सगळं उलगडलं असतं आणि माझं बिंग फुटलं असतं. मी रोज ठरवायचो, आज सांगू. पण दाजी शाळेच्या कमिटीवर आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. नोकरी कायम झाली, तेव्हा वाटलं, आता वर्ष झालं, आता काय सांगायचं? लाज शिळी झाली की जास्तच जड होते. तेव्हापासून तात्यांनी बाजाराचा रस्ता सोडला, कारण तिथे दाजींची गिरणी. आणि कुठे जेवायला निघाले की मला हाक, "मास्तर, तळ्यावरून जाऊ या."

बरं, नेमकं तळंच! मी जिथे पडलो त्या जागेवरून दर वेळी आम्ही जायचो. तात्या छत्रीनं बगळा दाखवत, खंड्या दाखवत, "तो बघा, मासा घेऊन उडाला." मी हं हं करायचो. त्यांना देखाव्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तळ्याकाठी त्यांचे ओठ तेवढे हलत आणि बाजाराच्या बाजूला ते कधी मान वळवत नसत. एकदा गिरणीचा भोंगा वाजला तर मोजणी चुकली, तेव्हा पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून चालले. मीही त्यांच्यामागून गेलो.

या सगळ्याचा खरा ताप इस्माईलभाईंना. त्यांची लाकडाची वखार आणि एक लॉरी. दोघांचेही दोस्त. ईद झाली की एक दिवस तात्यांना जेवण आणि दुसऱ्या दिवशी दाजींना. सात वर्षं. शेवटी तात्यांची पेन्शन झाली आणि कायमचं पोलादपूरला गावी जायचं ठरलं, तेव्हा इस्माईलभाई माझ्याकडे आले. "मास्तर, आता एकच जेवण करतो. दोघांनाही सांगितलंय की दुसरा येणार. ज्याला यायचं त्यानं यावं. आठ दिवसांनी तात्या गेले म्हणजे हे असंच राहील. मग आयुष्यात काय भेटतात?"

ते गेल्यावर कुसुम आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कमळ मी मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मी कुठं म्हणतोय?"

"आज सांगून टाका. सांगितल्याशिवाय घरात येऊ नका. मी दार उघडणार नाही."

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. संध्याकाळी तात्यांबरोबर निघालो. तात्या नेहमीपेक्षा हळू चालत होते. "दाजी येणार आहे म्हणे," एकदाच बोलले. "येऊ दे." त्यांनी कोटाची सगळी बटणं लावली होती.

ऊन उतरलं होतं. बांधावर आम्ही निम्म्यात पोचलो, मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो, आणि इतक्यात शेताच्या वाटेनं, उजव्या अंगानं, दाजी बांधावर चढले. स्वच्छ धोतर, डोक्याला रुमाल. आम्हाला बघून जागीच थांबले. त्यांच्या घरापासून इस्माईलभाईंचं घर चार पावलांवर. तळ्यावर यायचं त्यांना काही कारण नव्हतं. पण तात्या म्हणजे मोजणीदार, आज एकाच पंगतीला यायचं म्हटल्यावर वळसा सोडून ते सरळ रस्त्यानंच येणार, मग वाटेत गाठ नको, म्हणून हे मागच्या दारानं तळ्यावर आले होते. एकमेकांना चुकवायला दोघांनी एकच वाट धरली होती.

बांध एका माणसापुरता. पुढे जावं तर पळाल्यासारखं दिसेल आणि मागे राहावं तर मागे लागल्यासारखं. दोघंही पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

"देखावा बघतोय, मास्तर," तात्या म्हणाले.

"मास्तर, मी बी तेच करतोय म्हनून सांगा," दाजी म्हणाले.

दोघांच्या मध्ये मी. घरी कुसुम, तिचं बंद दार आणि ही शेवटची संध्याकाळ. मी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. दाजींनी सांगितलेला निरोप, कमळ, चिखल, लोटलेलं दार, आणि मी म्हटलेलं "हो". मध्ये कुठे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

एक पाणकोंबडी आवाज करत गवतात शिरली.

"मी इचारलं व्हतं तुमाला," दाजी हळू आवाजात म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मांडवात. तुमी हो म्हनलाव."

"हो."

"सात वरसं, मास्तर."

मी मान खाली घातली. तात्यांनी बोट वर केलं. मला वाटलं मोजतायत. पण ओठ हलत नव्हते.

"चार वाजेपर्यंत कोट काढला नव्हता मी," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, पाण्याकडे बघत. "दार लोटलं होतं कारण कोंबड्या आत यायच्या. कान दाराशी होता."

दाजींनी डोक्याचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. "मी तुजं पान उचलू दिलं नाय, तात्या. सांजपातूर. बायका ओरडाय लागल्या, तरी नाय दिलं."

शेवटी तात्यांनी बोट खाली केलं.

"कुठं पडलात?"

मी जागा दाखवली. ते गुडघे सांभाळत काठाशी गेले, वाकले, छत्री पाण्यात खुपसली. छत्री मुठीपर्यंत आत गेली. काढून त्यांनी चिखलाची खूण माझ्या कमरेला लावून बघितली. "बरोबर आहे," म्हणाले. मोजणीदारच तो. माझ्या कबुलीजबाबाचीही हद्द तपासली.

"मंग कमळ तरी घावलं का?" दाजींनी विचारलं.

"नाही."

आधी दाजी हसले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, बगळे उडाले. तात्या आवाज न करता हसत, नुसते खांदे हलत. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होतो. ते हलायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते चिखलाच्या छत्रीमुळे आलं असं मी नंतर कुसुमला सांगितलं, पण तिनं ऐकून घेतलं नाही.

दाजींनी रुमाल सारखा केला. दोन पावलं मागे गेले, म्हणजे दाराशी आल्यासारखे उभे राहिले, आणि नीट, सावकाश म्हणाले, "तात्या, पानं मांडलीत. चला."

"चला," तात्या म्हणाले.

इस्माईलभाई दारात उभे होते. आम्हाला तिघांना एका वाटेनं येताना बघून त्यांनी काही विचारलं नाही. आत वळून नुसते म्हणाले, "तीन पानं एका ओळीत घ्या." त्या दिवशी मी किती सांदणं खाल्ली याचा हिशेब नाही. रात्री घरी आलो तेव्हा दार उघडंच होतं.

आठ दिवसांनी तात्या निघाले. सामान दाजींनी गिरणीच्या बैलगाडीतून स्टँडवर आणून ठेवलं. एक ट्रंक, एक वळकटी, आणि साखळी नसलेली साखळीची पिशवी. साखळी सरकारची, ती जमा झाली होती. इस्माईलभाई आले, मी आणि कुसुम आलो. पोलादपूरची गाडी लागली. कंडक्टर चढला. तात्यांचा पत्ता नाही.

"कुठं राहिले?" कुसुम म्हणाली, आणि बोलता बोलताच आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं ते कुठं राहिले. घरी, बाकावर, कोट घालून बसले असणार. गाडी लागल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मी बोलावून आणतो," म्हणून मी उठलो. सवयीनं.

दाजींनी माझा खांदा दाबून मला ट्रंकेवर बसवलं. "तुमी नका जाव, मास्तर. तुमी बसा हितंच." आणि ते स्वतः, त्या वयात, धोतराचा सोगा धरून जवळजवळ पळतच गेले. इस्माईलभाई कंडक्टरला विडी देऊन बोलण्यात गुंतवू लागले.

दोघं आले ते बाजाराच्या रस्त्यानं. गिरणीसमोरून. मी लांबून बघितलं, तात्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं मोजतायत. सात वर्षांनी त्या रस्त्यावर पाय ठेवला, मोजणारच. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. बोलावं असं पुष्कळ होतं, पण गाडी सुरू झाली आणि मला नेमकं भलतंच सुचलं.

"तात्या, बाजारातून किती पावलं झाली?"

त्यांनी जरा विचार केला. मग दाजींकडे छत्री रोखली.

"मोजायची राहिली," ते म्हणाले. "हा सबंध रस्ताभर बोलत होता, आणि मीही."